दोन ते चार

काचेच्या अलीकडे मी.
पलीकडचे आवाज बदलत गेले.

पहिली फिलोमिना.
रास अल खैमाच्या बंदराकडे पाठ केलेलं गोदाम,
वरच्या मजल्यावर भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून
आम्ही त्याला स्टुडिओ म्हणायचो.
कार्यक्रमाचं नाव ‘दुपारची गोष्ट’.
गोष्ट कुठलीच नसायची.
हळदीचा डाग कसा काढावा,
टाकीच्या खाऱ्या पाण्यानं केस गळतात त्याला काय लावावं,
एसीखाली झोपून मान धरली तर काय.
ती सांगायची हिंदीत, चिडायची कोंकणीत,
आणि कोंकणी मी हवेवर जाऊ द्यायचो नाही.

पत्रं यायची पेटी क्रमांकावर.
तेव्हा इथे घरांना पत्ता नसे, पेट्यांना असे.
शाई घामानं फुटलेली.
एका पाकिटात पत्रच नव्हतं,
नुसत्या सात वेलच्या.

मग तिच्या नवऱ्याची कंपनी बुडाली.
त्या दुपारी ती ओमानी लिंबांचं लोणचं सांगत होती:
फोडी, मीठ, चार दिवस उन्हात,
“आणि तेलाचं उद्या सांगते हां.”
उद्या तिची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

नंतर सुमेधा टिपणीस.
हिला स्वयंपाकाचा तिटकारा.
ती बोलायची झोपेवर, पाठदुखीवर,
मुलांशी फोनवरून कसं रागवावं यावर.
त्याच सुमारास उन्हाळ्याचा कायदा आला:
साडेबारा ते तीन बाहेरचं काम बंद.
म्हणजे आमचा पहिला तास लोक सावलीत आडवे होऊन ऐकत,
दुसरा उन्हात, उभ्यानं.
सुमेधानं तीननंतरचं बोलणं छोटं केलं.
का, ते तिनं मॅनेजरला सांगितलं नाही.

तिच्याच काळात पहिल्यांदा आला मालगुंडकरांचा फोन.
रशीद मालगुंडकर, खाणीवरचे क्रेनवाले.
“ते तेलाचं राहिलंय.”
“कुठल्या तेलाचं?”
“लिंबाच्या.”
सुमेधा हसली, मी जाहिरात लावली.

दर मार्चात, लिंबं स्वस्त झाली की, फोन.
मग कुणाल आणि नौशीन आले, जोडीनं,
हसण्याचा आवाज बटणावर घेऊन.
त्यांनी मालगुंडकरांना ‘लोणचेवाले चाचा’ केलं,
त्यांच्या फोनला एक धून लावली,
टोस्टर भेट दिला.
तेलाचं सांगितलं नाही. त्यांना माहीत नव्हतं.

मला माहीत होतं.
त्या दुपारी, जाहिरात चालू असताना,
फिलोमिनानं काचेवर बोट टेकवून मला सांगितलं होतं.
पण ऑपरेटरनं बोलायचं नसतं,
आणि खरं सांगू,
सांगून टाकलं असतं तर मार्चात कोणाचा फोन आला असता?

स्पूल गेले, कॅसेटी गेल्या, मिनीडिस्क तर
नीट ओळख व्हायच्या आत गेली.
नौशीन कॅनडाला. कुणाल विम्यात.
साथीच्या वर्षी एक तेजस्विनी घरून बोलायची,
मागे कुकरच्या शिट्ट्या;
ऐकणारे शिट्ट्यांबद्दल जास्त विचारत.
यंदा स्टेशन विकलं.
सोमवारपासून दोन ते चार नुसती गाणी,
ती निवडणारंही कोणी नाही.

शेवटच्या गुरुवारी तेजस्विनी केक कापायला खाली गेली
आणि तीन क्रमांकाची लाईन लागली.
मी उचलली. हवेवर नाही, नुसती कानाला.
“तेल कडकडीत तापवायचं,” मी म्हटलं,
“पूर्ण गार होऊ द्यायचं.
मगच ओतायचं.”

पलीकडे क्रेनची घरघर.
“गार करून?”
“हो.”
“मी तर गरमच ओतत आलो. इतकी वर्षं.”
“मग कसं होतं?”
ते जरा थांबले.
“बरं होतं की,” म्हणाले,
“बोटं चाटतात खोलीतले सगळे.”

चार वाजायला दोन मिनिटं होती.
हवामान लावायचं राहिलं.